दुसरी खाच

बाबांची स्प्लेंडर माझ्याकडे आली तेव्हा आरसे माझ्या नजरेला लावले, क्लच थोडा सैल करून घेतला आणि गाडी माझी झाली असं धरून चालले. पण त्र्यंबक रोडला महिरावणीच्या पुढे गेलं की एकेक खड्डा थेट मणक्यात यायचा. गाडीचं वय झालं, दुसरं काय, अशी मी मनाची समजूत घालत होते.

सातपूरच्या मिस्त्रींनी सीटवर तळहाताने दोनदा जोर देऊन पाहिला. "ताई, वजन किती तुमचं?"

"५२ किलो."

"आणि आधी कोण चालवायचं?"

बाबा चालवायचे. ८० किलोंचे बाबा, मागे आई, टाकीवर मी, आईच्या मांडीवर पंचवटीतून आणलेली आठवड्याची भाजी. मिस्त्री मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "बघा, शेवटच्या खाचेवर आहे."

शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक लोखंडी कडं असतं. त्याच्या कडेला जिन्यासारख्या पाच पायऱ्या कापलेल्या. पान्याने कडं फिरवलं की स्प्रिंग एक पायरी वर चढते, तेवढी दाबली जाते. स्प्रिंग कडक केली असं आपण म्हणतो, पण तिची जात बदलत नाही. आधीच दाबून ठेवलेली असल्याने ती हलायला जास्त वजन मागते आणि गाडीची मागची बाजू उंच राहते. माणूस बसल्यावर ती बाजू चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश खाली बसावी, असा हिशेब. चाकाला वर यायला जागा लागते तशी खाली उतरायलाही लागते, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या वजनाने स्प्रिंग जेमतेम दबत होती. खड्डा आला की चाकाला त्यात उतरायला जागाच उरत नसे. ते क्षणभर रस्ता सोडायचं आणि आदळायचं.

मिस्त्रींनी टेप काढली. गाडी डबल स्टँडला, चाक अधांतरी. चाकाच्या नटापासून सीटखालच्या नळीपर्यंत एक माप. मग मी बसले, दुसरं माप. फरक १५ मिलिमीटर. कडं मातीने आणि गंजाने धरून बसलं होतं. डिझेल सोडलं, तारेच्या ब्रशने घासलं, दहा मिनिटं थांबलो. मग 'कट्' असा आवाज, आणखी एक, आणखी एक. दुसऱ्या खाचेवर थांबले, दुसरी बाजूही अगदी तेवढीच. मी पुन्हा बसले तर २८ भरले.

दुचाकींचे शॉकअप आपल्या नाशकातही बनतात. १९६१ साली मुलुंडला सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना इथे आहे. तरी एवढ्या वर्षांत, इतक्या सर्व्हिसिंगमध्ये, ती खाच कुणी फिरवल्याचं मला आठवत नाही. याचं मला वाईट वाटतं. दोन मिनिटांचं काम, आणि आपण ते पाठीवर सोसत राहतो.

आता रस्त्यावर माझं लक्ष दुसऱ्यांच्या मागच्या चाकांकडे जातं. संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुड्या लादून पंचवटीच्या मार्केट यार्डाकडे निघालेल्या गाड्या मागून दबून, शांत जातात. त्याच गाड्या रिकाम्या परतताना टणाटण उडतात. सकाळी दुधाचे कॅन पोचवून घरी निघालेला माणूसही असाच उडत जातो. गाडी ओझ्याला लावलेली, परतीच्या त्या एकट्या माणसाला कुणी मोजलेलंच नाही.

मी पाना विकत घेतला. आईला घेऊन नवश्या गणपतीला जायचं ठरलं, तेव्हा अंगणात गाडीशी बसून स्प्रिंग चौथ्या खाचेवर नेली. आई पायरीवर चप्पल घालत होती. "बाबा कधी असं करायचे नाहीत," ती म्हणाली.

"त्यांची गाडी कधी रिकामी नसायची."

ती मागे बसली. गाडी तिच्या वजनाने हलकेच खाली गेली आणि थांबली. गंगापूर रोडला पहिला गतिरोधक दिसला तसा तिने जुन्या सवयीने माझ्या खांद्यावरचा कुर्ता मुठीत धरला. चाक वर चढलं, पलीकडे उतरलं. मूठ थोडी सैल झाली.