हात थांबवायचा नाही

गाणं शिकायला गुरू लागतो, चित्रकलेसाठी मुंबईत १८५७ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. लिहिणं मात्र उपजतच असावं लागतं, अशी आपल्याकडे घट्ट समजूत आहे. तिचा तोटा नवशिक्यांपेक्षा माझ्यासारख्यांना जास्त होतो. एकेकाळी लिहिलं, छापूनही आलं आणि मग नोकरी-संसारात हात थांबला, की वाटतं देणगीच संपली. आणि देणगी संपली म्हटल्यावर करण्यासारखं काही उरतच नाही.

माझ्या कथा दिवाळी अंकांतून येत असत. पुढची वर्षं जिल्हा परिषदेत टिपण्या लिहिण्यात गेली. टिपणी हे हलकं काम नव्हे. थोडक्यात आणि नेमकं लिहायला मला तिनंच शिकवलं. पण तिथं नाका-डोळ्यांना काम नसतं, आणि कथा तर त्यांच्याच भरवशावर उभी राहते. निवृत्तीनंतर कोरा कागद पुढं घेतला, की पहिली ओळ पुरी व्हायच्या आत ती फालतू वाटायला लागायची. तेव्हा पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर रविवारी भरणाऱ्या कथालेखनाच्या वर्गात मी नाव घातलं.

वर्ग सुरू व्हायचा तो लिहिण्यानंच. दहा मिनिटं हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ एवढंच लिहीत राहायचं. अमेरिकेतले लेखनाचे प्राध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ साली ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात या सरावाचा हिरिरीनं पुरस्कार केला. त्यांचं म्हणणं असं, की लिहिणं आणि लिहिलेल्याची पारख करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच वेळी करायला गेलं की दोन्ही अडतात. मला हे शंभर टक्के पटतं. त्या दहा मिनिटांतलं बहुतेक टाकाऊच असतं. पण पान भरलेलं असतं, आणि भरलेल्या पानावर काम करता येतं.

खरं शिक्षण व्हायचं ते त्यानंतर, मोठ्यानं वाचताना. ज्याचं लिखाण त्यानं वाचायचं आणि मग गप्प बसायचं. खुलासा नाही, ‘मला असं म्हणायचं होतं’ नाही. ऐकणाऱ्यांनी आधी काय लक्षात राहिलं ते सांगायचं, नंतर कुठं लक्ष उडालं ते. ऐकणारे कोण? एक परिचारिका, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून, इंजिनिअरिंगची दोन मुलं, गॅरेज चालवणारा एक तरुण. मी आत्याच्या घरावर लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, ‘तिच्या घरात एक प्रकारची उदासी भरून राहिली होती.’ गॅरेजवाल्या मुलानं विचारलं, “मावशी, म्हणजे तिथं दिसत काय होतं?”

पुढच्या रविवारी मी त्या जागी लिहून नेलं: ‘आत्या दुपारची भांडी दोनदा घासायची. एकदा खरकटी, आणि ती पालथी घालून झाली की पुन्हा एकदा, स्वच्छ असलेली.’ वाचून संपल्यावर परिचारिका म्हणाली, “माझी सासू उशांचे अभ्रे असेच बदलत बसते.” माझ्या आत्याला एकदम आणखी एक घर मिळालं. कौतुकाच्या शब्दांनी मला इतका धीर कधीच आला नव्हता. कारण आता मला ठाऊक झालं होतं, की वाक्य मेलेलं असलं तरी त्याच्या खाली खरी गोष्ट असते, आणि नीट विचारलं तर ती वर येते. माझ्यात परत आलेला आत्मविश्वास तो हाच. वाईट मसुदा दुरुस्त होतो, एवढाच त्याचा अर्थ; पण तेवढ्यावर माणूस रोज लिहायला बसतो.

आपल्या भाषेत असे वर्ग नव्हते असं मी म्हणणार नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’त नव्या लेखकांचं लिखाण बारकाईनं वाचलं, पत्रांतून त्यावर चर्चा केली, पुन्हा लिहायला लावलं. १९८२ साली ते मासिक बंद पडलं, तेव्हा एक शाळाच मिटली. तिकडं कॅलिफोर्नियात, चिको इथल्या कॉलेजात, रेमंड कार्व्हर या विशीतल्या, बायकापोरांचा धनी असलेल्या मुलाला जॉन गार्डनर यांनी असंच घडवलं. ते त्याच्या कथांतला एकेक शब्द तपासत, स्वल्पविरामावरही बोलत. घरी लिहायला जागा नाही म्हणून त्यांनी आपल्या ऑफिसची किल्लीच त्याला देऊन टाकली. कथालेखक म्हणून जगभर नाव झाल्यावरही कार्व्हरनं त्या किल्लीबद्दल कृतज्ञतेनं लिहिलं आहे.

सगळेच वर्ग चांगले नसतात. ‘यशस्वी कथेची सूत्रं’ शिकवणाऱ्या वर्गाला जाऊ नये, आणि जिथं नुसतीच वाहवा होते तिथंही. शिकवणारा स्वतःचा कच्चा मसुदा वर्गात वाचतो का, हे आधी विचारावं. आमच्या बाई वाचत. त्यांचं खोडलेलं पान पाहून आम्हाला जे कळलं, ते व्याख्यानातून कळलं नसतं.

ज्यांचं लिखाण मध्येच थांबलं आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: घरात एकट्यानं आणखी वाट पाहू नका. जवळपास वर्ग असेल तर नाव घाला. नसेल तर गावातल्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना आठवड्यातून एक संध्याकाळ खोली मागा. चौघं जमली तरी पुरे. प्रत्येकानं पानभर लिहून आणावं आणि ते मोठ्यानं वाचावं.