अर्थ एक, टाइप एक

बुलढाणा जिल्ह्यातल्या १३ तालुक्यांपैकी एक जळगाव जामोद, आणि जिल्ह्याच्या सीमेला लागूनच जळगाव नावाचा स्वतंत्र जिल्हा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याचा कोड ४९९, बुलढाण्याचा ५००. खामगाव, मलकापूर, चिखली इथल्या शेतमालाच्या आवकेचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम गो भाषेत लिहिताना तालुका साध्या स्ट्रिंगमध्ये, जिल्हा साध्या पूर्णांकात आणि वजन नुसत्या आकड्यात ठेवले, तर कंपायलरला नावांचे, कोडचे किंवा वजनाचे घोटाळे दिसतच नाहीत. क्विंटलमध्ये किलो मिळवले तरी तो हरकत घेत नाही. क्विंटल आणि किलो असे दोन वेगळे टाइप केले, की तीच बेरीज कंपाइल होत नाही. पण आवकेच्या पॅकेजने आपला क्विंटल केला आणि अहवालाच्या पॅकेजने आपला, तर गोच्या लेखी ते दोन परके टाइप ठरतात. मग जागोजागी हाताने रूपांतर करावे लागते, आणि त्या रूपांतरात किलोही क्विंटल होऊन जातो, आकड्याला १०० ने न भागता. म्हणून ज्याचा अर्थ सगळीकडे एकच, त्याचा टाइप एकाच पॅकेजमध्ये असावा आणि भागाकार करणारे फंक्शनही त्याच्याच शेजारी असावे, असे माझे ठाम मत आहे.

यावर आक्षेप असा, की अशा सामायिक पॅकेजचे लवकरच अडगळीचे कोठार होते. भीती खरी आहे. गोमध्ये दोन पॅकेजेस एकमेकांना इम्पोर्ट करू शकत नाहीत, त्यामुळे अडले की टाक सामायिकात, अशी सवय लागते. त्यावर उपाय म्हणजे सामायिक पॅकेजने आपल्या दुसऱ्या कुठल्याही पॅकेजवर अवलंबून राहू नये. आवकेची नोंद आणि अहवालाची ओळ आज सारख्या दिसल्या, तरी त्या उद्या वेगवेगळ्या कारणांनी बदलतील. त्या वेगळ्याच ठेवाव्यात. चार फील्ड दोनदा लिहिणे परवडते. जागा चुकलीच, तर २०१७ च्या गो १.९ पासून टाइप अलियास आहे. त्याच्या आधाराने टाइप टप्प्याटप्प्याने हलवता येतो. दुसरा आक्षेप, बाहेरून येणारी माहिती शेवटी मजकूरच असते. तेही खरे, म्हणून तपासणी आत येतानाच करावी आणि पुढे टाइपच फिरवावा. सामायिक पॅकेजमध्ये काही टाकण्याआधी एवढेच विचारा: याचा अर्थ सगळ्यांसाठी एकच आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते जिथे वापरले जाते तिथेच राहू द्या.