शाळा बदलताना

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. परवा तिचा फोन आला. "मामा, थोरला आता मोठ्या शाळेत जाणार." मी सवयीने विचारले, "पास झाला ना?" ती हसली. तिथे मूल सहसा वयाप्रमाणे पुढच्या वर्गात जाते. चार वर्षे पुरी झाली की रिसेप्शन, मग पहिली ते सहावी प्राथमिक. ११व्या वर्षी माध्यमिक शाळेची सातवी, १६व्या वर्षी अकरावीअखेर जी.सी.एस.ई. परीक्षा. २०१५ पासून १८ वर्षांपर्यंत शिक्षण किंवा कामाचे प्रशिक्षण सक्तीचे आहे.

मला धाकटा भाऊ आठवला. सातवीत गणितात नापास झाला. पुन्हा त्याच वर्गात बसायची लाज वाटली, म्हणून हॉटेलात कपबशा विसळू लागला. तो मठ्ठ नव्हता.

भाची म्हणाली, "पण मामा, सातवीची शाळा आपोआप मिळत नाही. आदल्या वर्षी ३१ ऑक्टोबरच्या आत आईबापांना अर्ज करावा लागतो. तारीख चुकली की हवी ती शाळा मिळणे अवघड."

बंधू-भगिनींनो, देश कोणताही असो, मूल निसटते ते अशा वळणावर. तिथे आपण त्याच्याबरोबर उभे राहिले पाहिजे. भावाच्या वेळी आमच्या घरातले कोणी राहिले नाही. मीसुद्धा नाही.