अंथरूण तेच, अंगण समुद्राचे

फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गजवळच्या फोर्ट डी सोटो उद्यानात मोटरहोम उभे करून वीज-पाणी जोडून घेतले, की प्रवास संपतो आणि मुक्काम सुरू होतो. वृद्ध सोबत्याला याचेच सुख अधिक: अंथरूण ओळखीचे, शौचालय चार पावलांवर, इन्सुलिन आपल्याच फ्रिजमध्ये. रोज नवे ठिकाण गाठण्याचा हव्यास धरू नये. स्मृती क्षीण झालेल्यांना रात्री दिव्याचे बटण न सापडणेही भिववते. पाच बेटांच्या या उद्यानात चाकांच्या खुर्चीसाठी निर्वेध वाट आहे. गाडीच्या उंच पायऱ्या मात्र गुडघ्यांना जड जातात. खाली रुंद, न घसरणारी चौकी ठेवावी आणि उतरताना आपण पुढे उभे राहावे. मग खुर्च्या पाण्याकडे वळवाव्यात. पेलिकन सायंकाळी अगदी जवळून जातात.