गोन्सालोंची मधली वर्षं

वसईतल्या ख्रिस्ती मुलाला संत गोन्सालो गार्सिया कोण, हे वेगळं शिकवावं लागत नाही. घरात, शाळेत, चर्चमध्ये त्यांचं नाव कानावर पडतच असतं. भारतात जन्मलेले ते पहिले संत, आणि ते आमच्या वसईचे. १५५७ च्या सुमाराचा जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले आणि मिसरूडही फुटलं नव्हतं अशा वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. शेवट सगळ्यांना पाठ असतो : ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकीची निशिझाका टेकडी, सव्वीस क्रूस आणि भाले.

या दोन टोकांच्या मध्ये एक वाक्य येतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात ते मी ऐकलं, सणाच्या प्रवचनात ऐकलं, पुस्तिकांमध्ये वाचलं. शब्द थोडेफार बदलायचे, आशय तोच : जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पुरी झाली नाही, काही काळ त्यांनी व्यापार केला आणि पुढे ते मनिलाला फ्रान्सिस्कन झाले. एवढंच. ऐन तारुण्यातली वर्षं एका वाक्यात उरकून प्रवचन पुढे सरकायचं. आज मी स्वतः धर्मबंधू आहे आणि मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, त्यांच्या क्रूसापेक्षा या मधल्या वाक्यानेच मला जास्त सांभाळलं.

लहानपणी अर्थातच आम्हाला क्रूसाचीच ओढ. क्योटोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, ऐन थंडीत सगळ्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं, हे ऐकताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची. सणाला किल्ल्यातल्या जेझुइटांच्या जुन्या चर्चमध्ये मिस्सा असायची. आजी लाल लुगडं नेसून, केसांत घरचं फूल माळून निघायची आणि वाटेत मला सांगायची, ‘आपला माणूस आहे तो.’ आपला माणूस एवढ्या लांब जाऊन देवासाठी मेला, याचा मला फार अभिमान वाटायचा. मधे त्याने काय विकलं, कुणाकडून घेतलं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

कॉलेजात असताना मित्रांबरोबर किल्ल्यात भटकायचो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जेझुइटांचं चर्च जिथे आहे, त्याच तटबंदीच्या आत फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनीच्या चर्चचे अवशेष आहेत. छप्पर केव्हाच गेलंय, जमिनीत जुन्या थडग्यांच्या कोरलेल्या शिळा आहेत, कमानींवर वडाची मुळं उतरली आहेत. ज्या संघाचं दार गोन्सालोंसाठी उघडलं नाही आणि ज्या संघाने त्यांना पुढे आपलं म्हटलं, ते दोन्ही त्यांच्या जन्मगावात थोड्या पावलांच्या अंतरावर होते. एकाकडून दुसऱ्याकडे पोचायला मात्र त्यांना जपान, मकाव आणि मनिला एवढा फेरा पडला. त्या फेऱ्यात माणूस काय शिकत असेल, हा प्रश्न पहिल्यांदा मला तिथे पडला. तेव्हा त्याला उत्तर नव्हतं.

८ नोव्हेंबर २०१३ ला फिलिपिन्सच्या लेते बेटावर हैयान वादळ आदळलं. तिथले लोक त्याला योलांडा म्हणतात. समुद्र भिंतीसारखा उठून टाक्लोबान शहरात शिरला. सहा हजारांहून जास्त माणसं गेली, मोठमोठी जहाजं वस्तीत येऊन बसली. पुढे माझं शिक्षण संपलं तेव्हा एका कॅथलिक गटाबरोबर घरबांधणीसाठी स्वयंसेवक म्हणून मी तिकडे गेलो.

लेतेमध्ये नारळ म्हणजे सर्वस्व, आणि वादळाने माडांच्या रांगाच्या रांगा आडव्या केल्या होत्या. त्याच पडलेल्या माडांच्या फळ्या कापून नवी घरं उभी राहत होती. माडाचं लाकूड मी जन्मापासून पाहिलेलं, पण त्यात खिळा ठोकणं काय असतं ते तिथे कळलं. बाहेरचा भाग इतका कठीण की खिळा सरळ शिरत नाही, मधेच मान टाकतो. माझ्याबरोबर एक वृद्ध सुतार असायचे. ते एकही खिळा फेकत नसत. वाकलेले खिळे दुधाच्या डब्यात गोळा करायचे. काम आटोपलं की सपाट दगडावर एकेक खिळा ठेवायचे, बाक वरच्या बाजूला आणायचा, हलक्या हाताने ठोका द्यायचा, थोडा फिरवायचा, पुन्हा ठोका. माझं कौतुक करणारे गावात पुष्कळ होते. भारतातून मुलगा आला, आपल्यासाठी घाम गाळतो म्हणून बायका मला आधी जेवायला वाढायच्या. सुतार कौतुक करत नसत. ते फक्त डबा माझ्याकडे सरकवायचे.

१७ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस टाक्लोबानला आले. पुन्हा वादळाचेच दिवस. विमानतळाच्या मैदानात भर पावसात, झग्यावर पिवळा रेनकोट चढवून त्यांनी मिस्सा केली. लिहून आणलेलं प्रवचन त्यांनी बाजूला ठेवलं आणि तुम्हाला काय सांगावं ते मला कळत नाही, असं त्या माणसांना सांगितलं. त्या गर्दीत चिंब भिजत मी उभा होतो. आयुष्यभर हेच करायचं, हे मी त्या दिवशी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सुतार नेहमीसारखे कामावर आले. माझ्या परतीच्या तिकिटावर तारीख छापलेली होती आणि ती जवळ येत होती. त्यांच्याकडे तसं तिकीट नव्हतं. स्वयंसेवक आणि मिशनरी यांच्यातला फरक मला त्या डब्यापाशी बसून समजला. स्वयंसेवक आपल्या आयुष्यातला एक तुकडा देतो, मनापासून देतो, पण त्याची तारीख त्याच्या हातात असते. मिशनरी ती तारीखच देऊन टाकतो. पहिलं जमलं म्हणजे दुसरं जमेल, असं नाही.

परतताना मनिलात मुद्दाम इंत्रामुरोसला गेलो. स्पॅनिश काळातलं हे तटबंदीचं शहर. गोन्सालो ज्यांच्यात सामील झाले त्या फ्रान्सिस्कनांचं चर्च तिथे होतं. १९४५ च्या लढाईत ते उद्ध्वस्त झालं. त्या जागेवर आता मापुआ विद्यापीठ आहे. पाठीला सॅक लावलेली, हातात ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेतलेली इंजिनिअरिंगची मुलं घोळक्याने आत-बाहेर करत होती. तिथे उभं राहून मी गोन्सालोंचा विचार केला. या दारात ते आले तेव्हा ते जपानमधून आलेले कोवळे धर्मशिक्षक नव्हते. धंद्यात जम बसलेला, चारचौघांत वावरलेला माणूस आला होता, आणि तो धर्मगुरू व्हायला नाही, साधा धर्मबंधू म्हणून राहायला आला होता.

वसईला आल्यावर पाचारणाचं काम पाहणाऱ्या फादरांना भेटलो. मला वाटलं होतं, ते लगेच तारीख देतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘घरी जा. आईवडिलांबरोबर राहा, काम कर. तिथलं रडू ओसरू दे. ओसरल्यावर जे उरेल ते घेऊन माझ्याकडे ये.’

तो काळ कठीण होता. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात एकच प्रश्न : ‘मग आता काय?’ मावशीने दोन स्थळं सुचवली. बरोबरीची मुलं नोकरीला लागली होती, कुणी कॅनडाची कागदपत्रं जुळवत होतं. आई काही बोलत नसे, पण माझ्या ताटाकडे जास्त लक्ष द्यायची. बाबांचे गुडघे दुखायला लागले होते. एका सकाळी ते म्हणाले, ‘ठरेल तेव्हा ठरेल. तोवर दादर तू बघ.’

दादर बघणं म्हणजे मोगरा विकणं. वाडीतल्या कळ्या ओल्या फडक्यात बांधायच्या, पहाटेच्या लोकलच्या मालडब्यात ओझं चढवायचं आणि उजाडायच्या आत दादरच्या फूलबाजारात पोचायचं. कळी मिटलेली आहे तोवर तिला भाव. ऊन चढलं, तोंड उघडलं, की भाव घसरला. सणासुदीला हातातून ओढून नेतात, एरवी कुणी ढुंकून पाहत नाही. समोरच्याला खरंच घ्यायचंय की नुसता भाव विचारतोय, हे चेहऱ्यावरून ओळखायला लागतं. तराजू सरळ धरला की तेच गिऱ्हाईक उद्या परत येतं. कोपराने ढकलणाऱ्याच्या शेजारीच रोज बसायचं असतं, म्हणून त्याच्याशीही जमवून घ्यावं लागतं.

आणि तिथे मला कुणी धन्यवाद दिले नाहीत. लेतेमध्ये मी दुरून आलेला देवमाणूस होतो. दादरला मी एक मोगरेवाला होतो, बस. सेवेची ओढ ही आपल्याला मिळणाऱ्या कौतुकाची ओढ तर नाही ना, हे तपासायला याहून चांगली जागा मला मिळाली नसती. कित्येक दिवस गेले, अंगावरचा पाऊस आणि पोपांचा पिवळा रेनकोट आठवणीत फिका पडला, तरी ओढ होती तिथेच होती. फादर म्हणाले होते ते उरलेलं म्हणजे हेच, हे हळूहळू कळलं.

आमच्या वाडीत कळ्या खुडायला जव्हार, विक्रमगडकडून वारली बायका येत. चिकूच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून त्यात मूल निजवायचं आणि ओळीत वाकून कामाला लागायचं. आधी मी त्यांच्याशी फक्त मजुरीपुरता बोलायचो. आता रोज बरोबरीने खुडायला लागलो तसं बोलणं वाढलं. त्यांचे शब्द मी उच्चारले की त्या हसायच्या आणि सुधारून द्यायच्या. कुणाच्या घरी भात किती महिने पुरतो, आवणीला परत का जावं लागतं, मुलं शाळेतून का सुटतात, हे मी कुठल्याही अहवालात वाचलं नाही. मोगऱ्याच्या ओळीत ऐकलं. सातासमुद्रापलीकडे जाऊन घरं बांधली, आणि आमच्याच वाडीत वाकलेल्या बायकांचं घर मी कधी पाहिलं नव्हतं.

गोन्सालोंचं ते मधलं वाक्य मला उमगलं ते या दिवसांत. त्यांचा व्यापार भरभराटीला आला होता, असं त्यांची चरित्रं सांगतात. पुढे १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू राजदूत म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषा म्हणून बरोबर गोन्सालो होते. जपानी त्यांनी पोरवयात आत्मसात केली होती, हे खरं. पण एवढ्या बलाढ्य सत्ताधीशासमोर उभं राहून दोन्ही बाजूंचं म्हणणं समजावून सांगायला नुसती भाषा पुरत नाही. अनोळखी माणसाचा कल ओळखणं, शब्दाला जागणं, नकार पचवणं, हे बाजारात अंगी येतं. त्यांचा व्यापार म्हणजे देवाच्या कामातली सुट्टी होती, असं मला वाटत नाही. तो त्या कामाचाच भाग होता.

ख्रिस्तसभेलाही घाई मान्य नाही. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे धर्मसंघात येणाऱ्याला बारा महिन्यांचं नवशिक्षण पुरं करावंच लागतं. त्यानंतरची व्रतंही आधी ठरावीक मुदतीची असतात. निदान तीन वर्षं तशी काढल्याशिवाय कायमची व्रतं घेता येत नाहीत. ज्या संस्थेने दोन हजार वर्षं माणसं पाहिली, तिने हा वेळ उगाच ठेवलेला नाही. सुकेळी करताना आमच्याकडे राजेळी केळी सोलून कितीतरी दिवस उन्हात ठेवतात. ती लवकर उचलली तर टिकत नाहीत. तरुण माणसाच्या निश्चयाचंही तसंच आहे.

मी फ्रान्सिस्कन धर्मबंधू झालो. आज जव्हारच्या बाजूला मुलांच्या वसतिगृहात राहतो. सुट्टी संपून मुलं परत आली नाहीत की पाड्यावर जातो, ओट्यावर बसतो, त्यांच्या आयांशी त्यांच्या बोलीत बोलतो. पहिल्याच पावसाळ्यात एका घरात ओळखीचा चेहरा भेटला, आमच्या वाडीत खुडायला येणाऱ्यांपैकी एक. तिने शेजारणींना सांगितलं, ‘हा मोगऱ्यावाला.’ त्या ओळखीवर मला त्या पाड्यातल्या सगळ्या घरांमध्ये जाता आलं.

म्हणून आईवडिलांना आणि आपल्या धर्मग्रामातल्या मोठ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. परदेशात सेवा करून आलेला एखादा मुलगा, एखादी मुलगी तुमच्या घरात असेल, पुढे धर्मसेवेत जायचं म्हणत असेल आणि अजून पाऊल उचलत नसेल, तर त्या काळाला वाया गेलेला काळ म्हणू नका. दर रविवारी जाब विचारू नका, आणि भरल्या डोळ्यांनी घाईघाईने निरोपही देऊ नका. त्यांना घरातलं, शेतातलं, दुकानातलं खरं काम द्या, हिशेब सोपवा, आजारी माणसाची शुश्रूषा सोपवा. पाचारण खरं असेल तर या कामाने ते पक्कं होईल. आणि नसेल, तर एक कष्टाळू, सरळ तराजू धरणारा माणूस तुमच्या गावाला मिळेल. दोन्हींत नुकसान कुणाचंच नाही.