पाच मिलिमीटरचा बोल्ट

बेंगळूरच्या सर्जापूर रोडची जमीन वरून कळत नाही. पावसानंतर तांबडी माती लोण्यासारखी मऊ दिसते, पण लोखंडी सळई टोचत चाललं की वीतभर खाली काय काय दडलंय ते हाताला समजतं. कुठे घट्ट मुरूम, कुठे पांढरी गारगोटी, कुठे जवळच्या बांधकामातून पुरला गेलेला काँक्रीटचा तुकडा. एके काळी इथे नाचणीची शेतं होती. आता दोड्डकन्नेल्लीपासून दोम्मसंद्र्याच्या पुढपर्यंत इमारती आहेत आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या प्लॉटांवर लोक हौसेनं मेथी, वांगी, टोमॅटो लावतात. त्यांचे छोटे टिलर दुरुस्त करणं आणि या जमिनीला साजेसे करून देणं हे माझं काम.

या गारगोटीची तक्रार करून उपयोग नाही, ती इथली मूळ रहिवासी आहे. लालबागेच्या टेकडीवर उघडा पडलेला, सुमारे 300 कोटी वर्षांचा नाइस खडक या सगळ्या भागाच्या पोटात आहे. तो झिजतो तेव्हा त्यातल्या फेल्डस्पारची चिकणमाती होते, लोहामुळे तिला तांबडा रंग येतो, पण क्वार्ट्झ विरघळत नाही. तो खडे होऊन मातीत राहतो. मोह्सच्या मोजपट्टीवर त्याची कठीणता 7, तर चाकूच्या पोलादाची साडेपाचच्या आसपास. म्हणजे घासाघासीत पातंच हरणार, हे आधीच ठरलेलं आहे.

झिजण्याचं दुःख नाही, पातं बदलता येतं. खरा घात होतो तो धडकेनं. बाजारात मिळणाऱ्या 63 सीसीच्या टू-स्ट्रोक टिलरचं इंजिन मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेरे घेतं आणि वर्म गिअरमधून पात्यांच्या दांड्याला साधारण 190 फेरे मिळतात. पात्यांचा व्यास 25 सेंटिमीटरचा असेल, तर टोकाचा वेग सेकंदाला अडीच मीटर होतो. एवढ्या वेगात पातं जमिनीत रुतलेल्या धोंड्यावर आदळलं की ते जागीच थांबतं, इंजिन मात्र फिरतच असतं. तो झटका कुणीतरी सोसावा लागतो. बहुतेक वेळा गिअरबॉक्समधल्या ब्राँझच्या चाकाचे दात तो सोसतात आणि तासले जातात. टिलरमधल्या महागड्या भागांपैकी गिअरबॉक्स एक.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पातं जाड करायचं, वेल्डिंगचा थर चढवायचा, आणि दांड्यातला बोल्ट काढून जास्त कडक बोल्ट ठोकायचा. मला हे पटत नाही. दगड हटणार नसेल तर काहीतरी तुटणारच. काय तुटावं, हे कारागिरानं आधी ठरवायला हवं. मी ते काम 5 मिलिमीटरच्या साध्या बोल्टवर सोपवतो. डोक्यावर 8.8 कोरलेल्या बोल्टचं पोलाद ताणाला 800 मेगापास्कलपर्यंत टिकतं, साध्या 4.6 चं 400 पर्यंत. दांडा इंचभर जाड असेल तर साधा बोल्ट इंजिनाचा नेहमीचा जोर आरामात पेलतो आणि मोठा झटका बसला की कातरला जातो. गिअरबॉक्स वाचतो, आणि बोल्ट काही रुपयांत मिळतो. टिलर परत देताना हँडलला अशा बोल्टांची पुडी बांधून देतो, म्हणजे गिऱ्हाईक हाती येईल तो बोल्ट लावत नाही.

मग पाती. कारखान्यातून येणारं एल-आकाराचं पातं वाईट नाही. ऑस्ट्रेलियात क्लिफर्ड हॉवर्डनं 1912 पासून प्रयोग करत करत ते शेताच्या मातीसाठी घडवलं आणि जगभरच्या रोटाव्हेटरांनी उचललं. पण त्याची आडवी कड दगडाला सपाट भिडते. त्याच काळात स्वित्झर्लंडच्या कॉनराड फॉन मायनबुर्गनं वेगळा विचार केला होता. त्यानं स्प्रिंगवर बसवलेली, दगड लागला की मागे सरणारी आकडी पाती वापरली. सर्जापूर रोडसाठी मला हाच विचार जवळचा वाटतो.

म्हणून पाती मी सर्जापूर गावातल्या लोहाराकडून करून घेतो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची पट्टी अरुंद, वाकडी आणि टोकदार. ते पाणी देतात ते बघण्यासारखं असतं. पट्टी लालभडक झाली की फक्त दोन बोटं टोक जुन्या ऑइलमध्ये बुडवतात, बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं घासून चकचकीत करतात आणि बघत राहतात. मानेतली उष्णता टोकाकडे सरकत येते, चकाकीवर आधी गवती पिवळा, मग जांभळा रंग चढत जातो. जांभळा टोकाला पोचला रे पोचला की पट्टी पुन्हा ऑइलमध्ये. टोक कडक होतं, मान लवचीक राहते. “अण्णा, अजून थोडं कडक?” असं मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, “सर, मग दगडाला ते काचच वाटेल.” ही पाती दांड्यावर मळसूत्री क्रमानं बसवतो, म्हणजे एका वेळी एकच टोक जमिनीत शिरतं आणि हातांना हिसका कमी बसतो.

चाचणी मी वाफशावरच घेतो. ही तांबडी माती कोरडी झाली की विटेसारखी आवळते आणि चिखलात दगडाचा आवाज ऐकू येत नाही. एक मीटर रुंदीचा पट्टा सळईनं टोचून मोठे धोंडे पहारीनं आधीच काढतो, मग टिलर कमी वेगानं चालवतो. एका फेरीला चार बोटं खोली पुरे. अरुंद पाती माती फोडून गारगोट्या वर आणतात, त्या घमेल्यात वेचायच्या आणि पुन्हा फिरवायचं. टिलरच्या मागचा टोकदार दांडा दगडात अडकतो, तिथे मी वाकवलेली पट्टी लावतो, ती दगडावरून घसरते. पात्यांमागे ट्रकच्या मडफ्लॅपचं रबर लावल्याशिवाय यंत्र कुणाच्या हाती देत नाही, कारण सुपारीएवढा खडाही डोळा घेऊ शकतो. राडारोड्याच्या जमिनीत बांधकामाची बारीक तार पात्यांना गुंडाळते. ती सोडवण्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढायचीच, कितीही घाई असो.

माझं गाव किर्लोस्करवाडीजवळचं. कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना उभा केला, हे तिकडच्या प्रत्येक घरात ठाऊक असतं. अवजार जमिनीकडे बघून घडवावं, ही समज मला त्या परिसरातून मिळाली. बेंगळूरच्या दुकानात मात्र टिलर अश्वशक्ती आणि रंगावर विकला जातो, जमिनीचं कुणी विचारत नाही.

तुमची जमीन दगडाळ असेल, तर टिलर घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा: झटका बसल्यावर आधी काय तुटेल, आणि ते सुटं मिळतं का? उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका. पहिली खणणी टिकाव-पहारीनं करून घ्या, यंत्र पुढच्या हंगामात आणा.