एकतीस मेची मंडळी

चुका काढणे हा आम्हा मास्तर लोकांचा पिढीजात धंदा. आमच्या धंद्यातली चूक स्वभावाने गरीब. ऱ्हस्व वेलांटी हवी तिथे दीर्घ पडली, की तांबड्या शाईने तिच्याभोवती गोल करायचा आणि पुढची वही ओढायची. चूक जिथे दिसते तिथेच ती असते. संगणकावरच्या चुकीची जात मात्र निराळी. तिथे काटा रुततो टाचेत आणि ओरडते कोपर! गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेजारी खुर्ची टाकून मी हा प्रकार चांगला पंधरा दिवस पाहिला, आणि खरे सांगायचे तर एखाद्या रहस्यकथेत रमावे तसा त्यात रमलो.

झाले होते असे, की आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांना वाळवी लागू लागली होती. ज्यांचे दाखले त्यांत अडकले आहेत अशी माणसे अजून येतात. स्वतःसाठी नाही, तर नातवंडांसाठी. जात पडताळणीला आजोबांच्या शाळेतली नोंद लागते. तेव्हा या विद्यार्थ्याने आपण होऊन, एक पैसा न घेता, शाळेसाठी एक वेब ॲप्लिकेशन तयार केले. नोंदी त्यात भरायच्या, नाव शोधायचे आणि उतारा छापून द्यायचा.

"म्हणजे नेमके काय रे?" मी विचारले.

"सर, आपली कचेरीच समजा. पुढे खिडकी असते, ती आपल्या पडद्यावरचा ब्राउझर. आत कारकून असतो, तो सर्व्हर. मागे दप्तरखाना, तो डेटाबेस. खिडकीतून अर्ज आत जातो, कारकून दप्तर काढतो, उत्तर खिडकीवर येते. तिघेही आपापल्या जागी शहाणे असतात. घोटाळा होतो तो बहुधा एकाने दुसऱ्याच्या हातात कागद देताना."

हे शेवटचे वाक्य मी वहीत टिपून ठेवले.

पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी किरकोळ होत्या. आमच्या लेखनिक बाई घाबऱ्या होऊन सांगत, "बंद पडलं हो!" आणि हा शांतपणे विचारी, "पडद्यावर काय लिहून आलंय?" बाईंनी ते वाचलेलेच नसे. यंत्र बिचारे आपल्या परीने सांगत असते. ४०४ आकडा आला, तर मागितलेला कागद त्या जागी नाही. ४०३ आला, तर कागद आहे पण तुम्हाला पाहायची परवानगी नाही. ५०० आला, तर आतला कारकूनच भोवळ येऊन पडला आहे. खिडकीवर आपटून काही उपयोग नाही, आतली टिपणवही उघडायला हवी. अर्धी दुरुस्ती म्हणजे जे समोर लिहिले आहे ते नीट वाचणे, असे तो म्हणाला तेव्हा मला माझ्या वर्गातली गणिताची उदाहरणे आठवली. मुले उदाहरण न वाचताच आकडेमोडीला बसतात.

एकदा त्याने एक दोष काढून टाकला, तरी बाईंच्या पडद्यावर तो जसाच्या तसा! हा म्हणे, "माझ्याकडे तर चालतंय." (हे वाक्य प्रोग्रॅमरांच्या तोंडी इतके असते म्हणे, की आमच्या वर्गात 'वही घरी राहिली'ला जे स्थान, ते त्यांच्यात याला.) कारण साधे होते. ब्राउझर काटकसरी. एकदा आणलेले पान तो जपून ठेवतो आणि पुन्हा मागितले की तेच शिळे पुढे करतो. कंट्रोल आणि एफ पाच ही बटणे जोडीने दाबली, तेव्हा ताजे पान वाढले गेले.

नावांच्या बाबतीत मात्र माझा जीव वरखाली झाला. 'कमल' या सरळ नावाच्या जागी नऊ चमत्कारिक चिन्हांची रांग उमटली. त्याने सांगितले ते असे : यूटीएफ आठ या लेखनपद्धतीत आपले प्रत्येक देवनागरी अक्षर तीन तुकड्यांत साठवतात. वाचणाऱ्याला ही पद्धत सांगितली नाही, तर तो प्रत्येक तुकडा स्वतंत्र अक्षर समजून वाचतो. तिनाचे नऊ होतात. "पण सर, यात काही बिघडलेलं नाही. माल शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. दप्तरखान्यातच प्रश्नचिन्हं साठली असती, तर मात्र मूळ नाव गेलं म्हणून समजा. ते पुन्हा हातानंच लिहावं लागतं." आणि दुसऱ्याच दिवशी एक 'कऱ्हाडकर' डोळ्यांसमोर असून शोधल्यावर सापडेना! एका ठिकाणी 'ऱ' हे एकच अक्षर होते, दुसऱ्या ठिकाणी 'र' आणि त्याखाली वेगळा नुक्ता. माणसाच्या डोळ्यांना दोन्ही एक. यंत्राच्या लेखी दोन परकी माणसे. तुलनेआधी दोन्ही रूपे एकसारखी करून घेतली, तेव्हा कऱ्हाडकर हजर झाले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

एके सकाळी एक मुलगी आली. बारावी होऊन पुढच्या प्रवेशाच्या खटपटीत होती. आजोबांच्या नोंदीचा छापील उतारा आम्ही तिला दिला होता. तो कचेरीतून परत आला होता. आजोबांच्या बाकी सगळ्या कागदांवर जन्मतारीख १ जून १९४३, आणि आमच्या उताऱ्यावर ३१ मे १९४३. मुलगी रडत नव्हती, पण आवाज स्थिर ठेवायला तिला कष्ट पडत होते. "दोन दिवसच आहेत, सर."

मुख्याध्यापकांनी मूळ रजिस्टर उघडून हाताने नक्कल लिहून दिली, तिच्यापुरते भागले. पण आमच्या पोटात गोळा आला तो पुढेच. जुन्या पिढीत एक जूनला जन्मलेली माणसे किती, हे काय सांगायला हवे? आईबापांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. आमचे रजिस्टर त्यांनीच भरलेले. पडद्यावर पाहू लागलो, तर ही सगळी मंडळी ३१ मेला जन्मलेली! एक जानेवारीवाले सालासकट मागे गेले होते. १ मार्च १९६८ची एक बाई २९ फेब्रुवारीला जन्मून चार वर्षांतून एकदा वाढदिवस करणारी झाली होती. आणि यांतले किती उतारे शिक्क्यानिशी बाहेर गेले होते?

विद्यार्थ्याचा चेहरा उतरला, पण हात थरथरले नाहीत. त्याची रीत मला फार आवडली. दिवाळीच्या दिव्यांची माळ पेटत नसली, की शहाणा माणूस एकेक दिवा काढून पाहत नाही, मधोमध तपासतो. इथपर्यंत वीज येते ना? मग दोष पुढच्या अर्ध्यात. पुन्हा त्याचे अर्धे. हजार जागा असल्या तरी दहा प्रश्नांत नेमकी जागा हाती लागते. त्याने एक जून ही तारीख भरली आणि वाटेत मधोमध तिला थांबवून पाहिले. कारकुनाच्या हाती कागद पडतो तेव्हाच त्यावर ३१ मे! म्हणजे कारकून निर्दोष, दप्तरखाना निर्दोष. दोष खिडकीतच. पण भरताना पडद्यावर एक जूनच दिसत होता. पान मिटून पुन्हा उघडले की ३१ मे. म्हणूनच तर बाईंच्या इतके दिवस ध्यानात आले नव्हते.

मग त्याने तारखेला खिडकीतच बोलते केले. १९६८च्या एका नोंदीखाली अक्षरे उमटली : ३१ मे १९६८, १८ वाजून ३० मिनिटे.

"साडेसहा कशाचे?" तो पुटपुटला. पण हा प्रश्न माझ्या विषयातला होता! भूगोल मीच शिकवतो. मिर्झापूरजवळून जाणारे साडेब्याऐंशी अंशांचे रेखावृत्त. अंशाला चार मिनिटे. तीनशे तीस मिनिटे, म्हणजे साडेपाच तास. आपल्याकडे एक जूनची मध्यरात्र होते, तेव्हा ग्रिनिचला अजून ३१ मेची संध्याकाळ असते. तारीख निवडायची तयार चौकट नुसती तारीख देतच नव्हती. 'एक जून, रात्रीचे बारा, भारतीय वेळ' असा क्षण देत होती. पाठवताना जावास्क्रिप्टने त्या क्षणाचे ग्रिनिचच्या वेळेत रूपांतर केले, आणि पुढच्या ओळीने वेळेचा भाग कापून नुसती तारीख ठेवली. कापलेल्या तुकड्याबरोबर पुरावाही गेला.

मुलीच्या आजोबांची नोंद तपासली, तर तिथे साडेसहा नव्हे, १७ वाजून ३० मिनिटे! दुसरा दोष की काय? त्याने शोध घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातली घड्याळे एक तास पुढे होती, ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. जगातल्या देशोदेशींच्या घड्याळांचा असा सगळा इतिहास एका तक्त्यात मांडून ठेवलेला असतो आणि संगणक तो निमूटपणे पाळतो. ज्याला एक जूनचा एकतीस मे झालेला कळला नाही, त्याला १९४३ सालच्या लढाईची आठवण होती! मला त्या यंत्राचा राग येईना आणि कौतुकही करवेना.

दुरुस्ती एका ओळीची. जन्मतारखेला घड्याळ नसते. साल, महिना, दिवस एवढेच घ्यायचे, तसेच पाठवायचे, तसेच साठवायचे. मध्ये वेळेचा संबंधच येऊ द्यायचा नाही. (महिना तपासून घ्यायचा, कारण जावास्क्रिप्टचे महिने शून्यापासून सुरू होतात, त्याचा जून पाचवा!)

पण आधी बिघडलेल्या नोंदींचे काय? "सगळ्यांना एकेक दिवस वाढवून देतो," तो म्हणाला आणि बोट बटणावर नेले. तेवढ्यात लेखनिक बाई म्हणाल्या, "थांब रे. पहिलं रजिस्टर मी खिडकीतून नाही भरलं. तू दिलेल्या तक्त्यातून एकदम चढवलं होतं." पाहतो, तर त्या नोंदी बरोबर होत्या. सरसकट वाढवले असते, तर पूर्वीचे चांगले ते बिघडून दोन जूनची आणखी एक वसाहत उभी राहिली असती. नोंद कोणत्या वाटेने आली हे सुदैवाने दप्तरात लिहिलेले होते. तरी आम्ही प्रत रुजू घातलीच. तो पडद्यावरून वाची, मी वाळवीने चाळणी केलेल्या पानावर बोट फिरवी, आणि बाई चहा पाठवीत. सव्वीस उतारे चुकीचे बाहेर गेले होते. प्रत्येकाला फोन केला, नवे उतारे दिले, जुने परत घेतले.

सव्विसावे उतारेवाले खुद्द त्या मुलीचे आजोबा. हाताची नक्कल चालली असली, तरी छापील प्रत घ्यायला ते काठी टेकत स्वतः आले. नाकाशी कागद धरून त्यांनी एक जून नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि जाता जाता म्हणाले, "गुरुजींनी मांडलं ते बरोबरच म्हणायचं. पण आई सांगायची, मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा."